झडपांचं तोंड काचेकडे

आमचा मिस्तरी रोज सकाळी दोन उदबत्त्या लावायचा. देवाला नाही, रेडिएटरला.

गाडी चालू करायची, बोनेट उघडायचं आणि जळती उदबत्ती धरून पुढच्या जाळीसमोर उकिडवं बसायचं. धूर आत कुठं शिरतो, पंख्यापाशी कुठं घुटमळतो, कुठल्या फटीतनं परत पुढं येतो, हे बघत बसायचा. पापणी हलायची नाही. रस्त्यानं जाणाऱ्या बायांना वाटायचं, काय भाविक माणूस आहे! सामरवरणीची एक म्हातारी तर बाजाराला जाताना रोज त्या रेडिएटरला हात जोडून जायची. तिला काय हसायचं? मी स्वतः पहिल्या दिवशी चपला काढून, डोक्यावर रुमाल टाकून उभा राहिलो होतो. वर विचारलं, "मिस्तरी, नारळ कधी फोडायचा?"

त्यानं मान वळवून बघितलं. "तुझंच डोकं आण," म्हणाला.

मी धुळ्याकडचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही गुरुजींची गाय मी चारायचो म्हणून तिसरीपर्यंत गेली. नव्वद सालाच्या जरा आधी आमच्याकडची माणसं सिल्वाशाला कंपनीत लागायला निघाली, त्यांच्या मागं मी. दोन पोरांचा बाप होतो तेव्हा. कंपनीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, काय येतं? म्हटलं, हसवता येतं. त्यानं मला हसवायची संधी न देता हाकललं. चार दिवस असा फिरून शेवटी मिस्तरीच्या शेडपाशी आलो. त्यानंही तेच विचारलं, काय येतं? या वेळी शहाणा झालो होतो. म्हटलं, काहीच नाही.

"बरं झालं," म्हणाला. "शिकलेल्याला आधी विसरवायला लागतं."

माझं नाव त्यानं कधी विचारलं नाही. "ए धुळं, पाना आण. ए धुळं, हातोडी कुठं टाकलीस?" अख्ख्या जिल्ह्याचा भार माझ्यावर.

तो डहाणूकडचा. उंच, काटकुळा, मान जरा पुढं काढून चालायचा. या माणसाला सगळ्या जगात एकच गोष्ट कळली होती, आणि ती त्याला अशी कळली होती की बाकी काही कळायला जागाच उरली नाही. ती म्हणजे, वारा आत कसा येतो हे बघू नका, बाहेर कुठनं जातो ते बघा. बाहेर जायला वाट असली की तो आपोआप आत येतो.

त्यापायी त्यानं चपलांच्या तळव्याला ड्रिलनं भोकं पाडली होती. पावसाळ्यात चालताना पिचकाऱ्या उडायच्या. शर्टाच्या काखा कात्रीनं कापलेल्या. छत्रीला वर टोकाशी चीर पाडलेली, त्यामुळं छत्री कधी उलटी झाली नाही आणि मिस्तरी कधी कोरडा राहिला नाही. कुणाच्या घरी गेला तर बसायच्या आधी थेट स्वयंपाकघरात जाऊन मागची खिडकी उघडायचा. बायका भांबावायच्या. मी मागनं हात जोडून सांगायचो, "वहिनी, डॉक्टर आहेत, घराला तपासतायत."

आणि बाटली. शेडमध्ये एक रिकामी सोड्याची बाटली ठेवलेली. गिऱ्हाईक आलं, गाडी तापते म्हणालं, की मिस्तरी ती बाटली त्याच्या हातात द्यायचा. "फुंक मार."

"मी? कशाला?"

"मार तर."

तो बिचारा फुंकायचा. फुंक बाटलीत जायची तेवढ्याच जोरानं परत त्याच्या तोंडावर यायची.

"ही तुमची गाडी," मिस्तरी म्हणायचा. "तळाला भोक नाय, तर आत जाणार कशी?"

निम्मी गिऱ्हाइकं तिथंच पळायची. उरलेल्यांच्या गाड्या मात्र परत तापायच्या नाहीत, हे खरं. तेव्हा पेट्रोलच्या जुन्या जीपा घेऊन त्यात डिझेलची इंजिनं बसवायची टूम निघाली होती. इंजिन दणदणीत, रेडिएटर तोच जुना, आणि बोनेटखाली बोट घालायला जागा नाही. जीपवाल्यांनी त्यावर उपाय काढलेला: बोनेटची काचेकडची कड उचलायची आणि खाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. म्हणजे गरमी मागनं निघून जाते. सगळ्या सिल्वाशात जीपा अशा ढुंगण वर करून पळायच्या. मिस्तरीला ते ठोकळे बघवायचे नाहीत. दुसऱ्याच्या उभ्या जीपचे ठोकळे काढून फेकायचा आणि शिव्या खायचा.

"काचेपाशी वारा आपटतो, साठतो," म्हणायचा. "तिथनं तो बाहेर नाय जात, आत घुसतो."

मी म्हटलं, "वारा कुठं दिसतो?"

झालं. दुसऱ्या दिवशी तो बाजारातनं लाल लोकर घेऊन आला. बोटभर तुकडे कापून ठोकळा लावलेल्या एका जीपच्या बोनेटभर चिकटवले. आणि मला पुढच्या मडगार्डवर बसवून दोरानं बांधलं. गाडी चालवणार तो, दोरे बघून ओरडून सांगणार मी. खानवेलच्या रस्त्याला सरळ पट्टा लागल्यावर त्यानं जी पळवली!

"दोरे कुठं बघतायत?" तो आतनं ओरडला.

"घराकडं!" मी ओरडलो. "मी पण!"

"नीट सांग!"

रडत रडत सांगितलं. रेडिएटरच्या लगेच मागं, बोनेटच्या पुढच्या भागावर दोरे वर उठत होते, कुणी वरनं ओढल्यासारखे. आणि काचेपाशी जिथं ठोकळा होता, तिथले दोरे उलटे होऊन फटीतनं आत शिरत होते. गाडी थांबली तेव्हा माझ्या दातांत तीन माश्या होत्या. पण मिस्तरीचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नात नवरदेवाचा नसतो इतका फुललेला. त्यानं मला भजी खाऊ घातली आणि प्रत्येक भज्यागणिक विचारलं, "आत शिरत होते ना? नक्की?"

"माश्या का दोरे?" मी म्हटलं.

तो हसला. त्याचं हसणं आवाजाचं नव्हतंच. खांदे हलायचे फक्त.

आता मला जे सांगायचं आहे ते. हे मी बऱ्याच वेळा सांगितलं आहे, पण खोटं.

खानवेलच्या रस्त्यावर एका शेठच्या सहा जीपा चालायच्या. माणसं, कोंबड्या, बकऱ्या, सगळं एकात. उन्हाळ्यात प्रत्येक फेरीला वाटेत थांबून पाणी घालावं लागायचं. शेठ मिस्तरीकडं आला. मिस्तरीनं बाटली दिली. शेठनं अंगठ्या घातलेल्या हातानं धरून फुंकली, स्वतःची थुंकी स्वतःच्या मिशीवर घेतली, आणि पळाला नाही, खदखदून हसला. म्हणाला, एक जीप करून दे. खानवेलच्या बाजाराच्या दिवशी भरलेली जीप पाणी न घालता वर गेली, तर सहाच्या सहा तुझ्या. आणि माझ्या वाड्यातली एक शेडही तुला.

ती शेड मोठी गोष्ट होती. आमची जागा मालकानं विकली होती, तिथं कुठल्याशा कंपनीचं गोदाम येणार होतं. महिनाअखेर खाली करायची होती. मिस्तरीची बायको आणि मुलगी गावाला. जागेचा ठिकाणा लागला की त्यांना आणायचं, मुलीला इथल्या शाळेत घालायचं, असं तो तीन वर्षं म्हणत होता. टोकरखाड्यात एक खोली बघून ठेवलेली. मला दाखवायला नेलं होतं. खोलीत काय बघायचं? चार भिंती. पण समोरासमोर दोन खिडक्या होत्या. मिस्तरी मधोमध उभा राहिला, खिशातनं लाल लोकरीचा दोरा काढला आणि चिमटीत धरला. दोरा आडवा उडाला. मिस्तरी माझ्याकडं बघत राहिला, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी म्हटलं, "मिस्तरी, पोरीला पण बांधून ठेवा, उडून जाईल."

त्या जीपवर त्यानं तीन दिवस काम केलं. रेडिएटरच्या बाजूनं वारा निसटू नये म्हणून जुन्या ट्यूबच्या रबरी पट्ट्या लावून फटी बंद केल्या. पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं. मग बोनेटच्या पुढच्या भागात, जिथं दोरे उठले होते तिथंच, चौकोन कापला आणि त्यात बसवायला पत्र्याची पट्टी केली. त्यात पाच झडपा, खिडकीला असतात तशा, आडव्या, एका बाजूनं उचललेल्या. पट्टी अशी नेमकी चौकोनी की इकडून बसवा नाहीतर तिकडून, बसायची.

"तोंड काचेकडे," मिस्तरीनं मला बोट लावून दाखवलं. "वरनं पळणारा वारा आतली गरमी ओढून नेईल. तोंड पुढं केलंस तर पुढचा वारा वरनं आत घुसंल, आत गर्दी होईल, आणि रेडिएटरमधनं यायला वाऱ्याला जागा नाय उरायची. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"तोंड काचेकडे."

त्याच संध्याकाळी त्याला हिवताप भरला. दोन दिवस तो त्याच्या राहत्या खोलीवर चादरीत पडून. पट्टी चौकोनात ठेवून बारा रिबिटं ठोकायची आणि रंग द्यायचा, एवढंच काम माझ्यावर राहिलं.

मी पट्टी मांडली, तोंड काचेकडे. तेवढ्यात शेठचा ड्रायव्हर जीप बघायला आला. तो गुजरातकडचा, जोरात बोलणारा. त्यानं बोनेटवर हात फिरवला आणि ओरडला, "अरे भाई, हवा अंदर कैसे जाएगी? मुँह तो पीछे है! उलटा बिठाया तेरे मिस्त्रीने!"

चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. बघता बघता पंधरा-वीस झाली. एक म्हणाला, नाक कधी पाठीला असतं का? सगळे हसले. आणि मी काय केलं? पंधरा-वीस माणसं हसताना दिसली की मला राहवतच नाही. मी चादर पांघरल्यासारखा रुमाल अंगावर घेतला, मिस्तरीसारखी मान पुढं काढली, दात वाजवत म्हटलं, "ए-ए-ए धुळं, नाक पाठीला लाव! चष्मा ढुंगणाला लाव!" टपरीवाला पोट धरून खाली बसला. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग मी ती पट्टी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, गोल फिरवली, तोंड पुढं करून आपटली आणि ठोकायला लागलो. प्रत्येक रिबिटाला माणसं ओरडत होती. एक! दोन! बारापर्यंत.

मिस्तरीचं सांगणं मी विसरलो नव्हतो. मला ते पाठ होतं. मडगार्डवर बसून मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण त्या वेळी मला खरंच वाटलं, एवढी माणसं म्हणतायत, तर तापात मिस्तरीच उलटं बोलला असेल.

संध्याकाळी रंग दिला. झकास दिसत होती जीप.

बाजाराच्या दिवशी मिस्तरी अंगात ताप असतानाच आला. जीप भरलेली. आत माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, टपावर पोती. शेठ पुढं बसलेला. मिस्तरी पुढनं आला आणि बोनेटपाशी थांबला. झडपांवर हात ठेवला. बोटं आत घातली, बाहेर काढली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पोत्याचा दोर घट्ट करत होतो. तो आधीच घट्ट होता.

"शेठ," मिस्तरी म्हणाला, "अर्धा तास द्या. बारा रिबिटं काढायची हाईत."

"केम? गडबड छे काय?"

मिस्तरी परत माझ्याकडं बघून थांबला. ड्रायव्हर आरशात केस नीट करत होता.

"नाय," मिस्तरी म्हणाला. "जरा बघायचं होतं."

"टाइम नथी, मिस्त्री. पब्लिक बसून गेली. बाजार उठून जाईल. चाल!"

निघालो. मिस्तरी पुढं शेठच्या बाजूला दाटीवाटीत, मी मागं लोंबकळत. गल्लीबोळात, हळू हळू, सगळं ठीक. सरळ पट्टा लागला, ड्रायव्हरनं पळवली, आणि तापमानाचा काटा चढायला लागला. मागनं माणसांच्या फटीतनं मला मिस्तरीची मान दिसत होती आणि तो काटाही. तो ड्रायव्हरला म्हणाला, हळू कर. हळू केली, काटा उतरला. परत पळवली, परत चढला. जितकी जोरात पळवावी तितकी तापायची. म्हणजे मिस्तरी म्हणाला होता तसंच, अक्षर न अक्षर. त्या काट्यानं त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं, आणि ते कळणारी माणसं त्या जीपमध्ये दोनच होती.

चढ सुरू व्हायच्या आधीच वाफ निघाली. त्या झडपांतनंच, पांढरी, शिट्टी मारत. माणसं खाली उतरली. बाया कोंबड्या घेऊन चालायला लागल्या. शेठ लाल झाला होता. "काय केलं तू? माझ्या चालत्या गाडीला भोकं पाडली! मला बाटली फुंकायला लावली!" लोक हसले. ड्रायव्हर सगळ्यात मोठ्यानं हसला.

मिस्तरी वाफेपाशी उभा होता. फक्त दोन-तीनदा माझ्याकडं बघितलं. मी डबा घेऊन नाल्यावर पाणी आणायला पळालो. असा पळालो की सगळ्यांना वाटलं, काय कामाचा माणूस आहे. नाल्यावर लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावला. परत आलो तेव्हा शेठनं सौदा मोडून जीपची चावी खिशात टाकली होती आणि मिस्तरी म्हणत होता, "चुकलं माझं. भोक भरून देतो."

दिलं त्यानं भरून. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं पट्टी काढली, पत्रा वेल्ड केला, घासला, रंग दिला. बोट फिरवलं तरी कळू नये असा. मी बाजूला घासकागद घेऊन उभा होतो. म्हटलं, आता शिव्या देईल, आता हातोडी फेकेल. त्यानं विचारलं, "जेवलास का?"

महिना संपायच्या आत शेड रिकामी झाली. टोकरखाड्यातली खोली दुसऱ्या कुणी घेतली. मिस्तरी रांध्याच्या बाजूला एका कंपनीत लागला असं ऐकलं. मी दुसऱ्या गॅरेजात गेलो. आणि तिथं, टपरीवर, गावाला लग्नकार्यात, जिथं चार माणसं बसतील तिथं, मी 'मिस्तरीची जीप' सांगायला लागलो. उदबत्ती, छत्री, बाटली, आणि शेवटी त्याच्या झडपांतनं निघालेली वाफ. मिस्तरीची मान काढून दाखवायचो. माणसं गडाबडा लोळायची. त्या गोष्टीत मी फक्त मडगार्डवर बांधलेला होतो. रिबिटं कुणी मारली ते त्यात यायचंच नाही. सात-आठ वर्षं सांगितली. माझ्या पोरांना तोंडपाठ होती.

ते हसणं कधी बंद झालं ते सांगतो. माझी थोरली एकदा घरात तिच्या भावाला ती गोष्ट सांगत होती. माझ्याहून चांगली सांगत होती. सांगून झाल्यावर मला म्हणाली, "पप्पा, पण त्या मिस्तरीच्या मुलीचं पुढं काय झालं?" मी कधीतरी खोलीतल्या त्या उडणाऱ्या दोऱ्याचा विनोद सांगितला असणार, त्यात मुलगी आली होती. मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

रविवारी माझं गॅरेज बंद, त्याची कंपनी चालू, तेव्हा रांध्याला गेलो. कंपनीच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसलो. जाताना एक वाक्य तयार करून नेलं होतं. सायकलवर म्हणत म्हणत गेलो होतो.

मिस्तरी आला. कंपनीचा निळा शर्ट, काखा शिवलेल्या. केस सगळे गेलेले. मला बघून म्हणाला, "ए धुळं! जाड झालास की."

आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर चहा घेतला. तो तिथं मशिनी पुसायला, तेल घालायला होता. मुलीचं विचारलं. गावालाच सातवीपर्यंत शिकली, म्हणाला, मग लग्न करून दिलं. बायको गावीच. सुट्टीला जातो.

मी कप खाली ठेवला. "मिस्तरी, त्या दिवशी ती पट्टी..."

"ठाऊक हाय."

"मी फिरवली. टपरीवाले हसत होते म्हणून..."

"ठाऊक हाय रे. हात लावला तेव्हाच कळलं."

"मग शेठला सांगितलं का नाहीत? माझं नाव घ्यायचं!"

त्यानं चहा संपवला. कपातला गाळ बाजूला ओतला. "तू बोलशील असं वाटलं," म्हणाला. "दिवसभर बोलणारा माणूस तू. म्हटलं, आता बोलंल, आता बोलंल. शेठनं चावी खिशात टाकेपर्यंत थांबलो मी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी ज्या वाक्यासाठी सायकल मारत आलो होतो ते माझ्या तोंडात होतं, अगदी दातांपाशी. आणि मी काय म्हटलं?

म्हटलं, "मिस्तरी, ती जीप एवढ्या जोरात शिट्ट्या मारत होती, माझं कोण ऐकणार होतं?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्याचे खांदे हलले. मला वाईट वाटू नये म्हणून हलवले त्यानं, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. भोंगा वाजला. त्यानं खिशात कार्ड चाचपलं, दोन चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि मान पुढं काढून आत गेला.

माफी मागायला गेलो होतो, हसवून आलो.